सीलिंग राहू द्या, आधी वर जाऊन या

पत्र (थोडं कापून देतेय): "मावशी, इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे, खाली आम्ही राहतो. दिवाळीच्या आत किचन आणि हॉल नवीन करून घ्यायचाय. तीन ठेकेदारांचे तीन भाव आलेत, मुलगा पुण्याहून रोज फोटो पाठवतो, सून म्हणते ओपन किचन करा, हे म्हणतात तुझं तू बघ. रात्री दोन दोन वाजेपर्यंत डोक्यात टाइल्सचे हिशोब, बीपी वाढलंय. किचनला फॉल्स सीलिंग तर करायचंच आहे, कारण ओट्याच्या कोपऱ्यात सकाळी पाणी टपकतं, अगदी उन्हाळ्यातसुद्धा, बादली ठेवावी लागते, दुपारी थांबतं, तर ते झाकलं जाईल. वर धाकटे दीर-जाऊ असतात, फारसं येणंजाणं नाही. हे टेन्शन कमी कसं करू? – एक गृहिणी"

अहो ताई, टाइल्सचं जाऊ द्या. ओपन किचनचंही जाऊ द्या. आणि "तुझं तू बघ" हे तुम्ही मी त्यांना रागवावं म्हणून लिहिलंय ना, तर नाही रागवणार, ते काम तुमच्या मैत्रिणी हौसेनं करतील. मला बोलायचंय त्या बादलीबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात तिला जेमतेम अर्धी ओळ, तीही सीलिंगच्या आडून.

इंदूरच्या मे महिन्यात छतातून पाणी टपकतंय म्हणजे ते पावसाचं नाही हे सांगायला इंजिनियर लागत नाही. बरं, सकाळी येतं आणि दुपारी थांबतं. टाकीवरून येणारा पाइप फुटला असता तर त्यात पाणी कायम भरलेलं असतं, दुपारीही टपकलं असतं, रात्रीही टपकलं असतं. हे आंघोळीचं पाणी आहे ताई. वर सगळ्यांच्या आंघोळी होतात, कपडे धुतले जातात, आणि नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जाळीखाली बसवलेल्या भांड्याच्या) जोडातून नाहीतर फरशीच्या फटींतून ते तुमच्या ओट्यावर उतरतं. आणि हे तुम्हाला माहीत आहे! कधीपासून माहीत आहे ते मात्र तुम्ही लिहिलं नाही.

आता त्याच्याखाली जिप्समचं सीलिंग ठोकलं की काय होणार ते ऐका. बोर्ड ओल पितो, फुगतो, पिवळे डाग येतात आणि एक दिवस मधोमध पोट काढून खाली येतो. त्यात तुम्ही लाइटी लावणार, म्हणजे पाणी आणि वायरिंग एकाच पोकळीत. वर स्लॅबमधल्या सळ्या गंजत राहणार, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, तो खालचं सिमेंट ढकलून पाडतो, आणि आज जे पोपडे तुम्हाला निदान दिसतायत ते उद्या दिसणारही नाहीत. सियागंजच्या बाजारातून कितीही भारी केमिकल आणून खालून फासलं तरी उपयोग नाही, हे काम वरच्या बाथरूममध्ये शिरूनच करावं लागतं.

आणि वर तुम्हाला जायचं नाहीये. खरं दुखणं हे आहे, तीन ठेकेदार वगैरे सगळं त्याच्यावर चढवलेलं प्लास्टर. भांडण कशावरून झालं ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही, वाटणीवरून असेल, गणपती कुठल्या मजल्यावर बसवायचा त्यावरून असेल, आपल्या घरांत कारणं काय कमी असतात का. पण एक सांगा, जावेला हे कुणी सांगितलंय का? वर राहणाऱ्याला आपलं पाणी पुढे कुठे जातं ते दिसत नाही हो. तिच्या दृष्टीनं पाणी जाळीत गेलं, विषय संपला. तुम्ही मात्र रोज सकाळी बादली ओतताना मनातल्या मनात तिच्याशी भांडत असणार आणि त्या बिचारीला पत्ताच नाही की खटला चालू आहे. यात तुमची मला जराही दया येत नाहीये, खरंच, कारण जिना तुमच्याच घरात आहे.

तर या रविवारी सकाळी वर जा. तुम्ही स्वतः. यांना पाठवू नका, भाऊ भाऊ बोलायला बसले की वडिलांच्या वेळचं सगळं निघतं. फोन नको, ग्रुपवर मेसेज तर अजिबात नको. दारात उभं राहून म्हणायचं, "अगं, तुमच्या बाथरूमचं पाणी खाली ओट्यावर येतंय, जरा बघायला ये, मग प्लंबर कधी बोलवायचा ते तू सांग." एवढंच. पैशाचं पहिल्या वाक्यात काढायचं नाही आणि भावजी चहा घ्या म्हणाले तर घ्यायचा.

प्लंबर आला की जाळीचं तोंड घट्ट बंद करून बाथरूमच्या फरशीवर दोनेक इंच पाणी चोवीस तास भरून ठेवायला सांगा. खाली ठिबकलं तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही ठिबकलं, आणि तोंड उघडून पाणी सोडल्यावर ठिबकलं, तर ट्रॅपचा किंवा पाइपचा जोड. दोन्ही कामांच्या खर्चात खूप फरक असतो, म्हणून आधी हे, मग वाटून घ्यायची भाषा. तेवढा एक दिवस त्यांना खाली तुमच्याकडे आंघोळीला यायला सांगा, कसंनुसं वाटेल, वाटू दे.

दुरुस्तीनंतर स्लॅब पूर्ण वाळू द्या, घाई करू नका, दिवाळी हुकली तर हुकली. टाइल्स कुठे पळून जात नाहीत. मुलाला सांगा महिनाभर फोटो बंद. आणि ठेकेदाराला आजच फोन करून किचनचं सीलिंग कामातून वगळायला सांगा, ॲडव्हान्स दिला असेल तर तो ओट्याच्या कामात वळता करून घ्या.