पंधरा मासे, शंभर गळ

या अंकात घेतलेली तिन्ही पत्रे टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवरील लेक टेक्सोमा या जलाशयातील कॅटफिश या मिशाळ माशाच्या मासेमारीविषयी आहेत. पत्रे लांबलचक होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातील तीन कुटुंबे मे महिन्यात टेक्सोमावर मुक्कामाला गेलो होतो. आमच्या एका मित्राने संध्याकाळी वीस जग (दोरी आणि गळ बांधून पाण्यावर तरंगत सोडायची साधने) पाण्यात सोडले आणि सकाळी त्यांना बावीस कॅटफिश लागलेले निघाले. त्यांतले दोन ब्लू कॅटफिश तीस इंचांहून मोठे होते. मित्राचे म्हणणे असे की, एका माणसाला पंधरा मासे नेता येतात आणि आपण लहानमोठे मिळून दहा जण आहोत, तेव्हा दीडशेपर्यंत चिंता नाही. हे बरोबर आहे का? आमच्या गावाकडे धरणावर मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, त्यामुळे विचारायचे कोणाला हे ठाऊक असते. इथे तर कोणी विचारणाराच दिसला नाही.

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा घोळ तिथूनच निघतो. महाराष्ट्रात धरणाच्या पाण्यातील मासेमारी बहुधा सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते, त्यामुळे मासा कोणाचा हा प्रश्न उरत नाही. टेक्सोमाला असा ठेकेदार नाही. रेड नदीवरचे डेनिसन धरण १९४४ मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे सुमारे ८९,००० एकरांचा जलाशय उभा राहिला. त्यातला मासा परवाना काढणाऱ्या सर्वांचा सामाईक आहे आणि त्याची राखण दोन राज्यांची वन्यजीव खाती करतात. दाराशी उभा राहून मोजणारा कोणी नसतो, म्हणून मोजण्याची जबाबदारी प्रत्येकाने स्वतःकडे घ्यायची, अशीच ही व्यवस्था आहे.

आता आकडे. टेक्सोमावर ब्लू आणि चॅनेल या कॅटफिशच्या दोन जाती मिळून माणशी दिवसाला पंधरा मासे ठेवता येतात आणि त्यांत तीस इंच किंवा त्याहून मोठा ब्लू एकच असावा लागतो. फ्लॅटहेड या तिसऱ्या जातीचा हिशेब वेगळा आहे : दिवसाला पाच, आणि वीस इंचांपेक्षा लहान असेल तर तो परत सोडायचा. टेक्सासच्या इतर बहुतेक तलावांवर ब्लू आणि चॅनेलची मर्यादा पंचवीस आहे, त्यामुळे डॅलसजवळच्या तलावांवर गरवण्याची सवय झालेली मंडळी टेक्सोमावर नकळत नियम मोडतात. परवान्याचेही तसेच. टेक्सासचा परवाना टेक्सासच्या पाण्यापुरता आणि ओक्लाहोमाचा त्या राज्याच्या पाण्यापुरता चालतो. संपूर्ण जलाशयात फिरायचे असेल तर टेक्सोमाचा स्वतंत्र परवाना मिळतो, आणि जग सोडणाऱ्याने तो काढावाच असे मी सांगेन. याचे कारण वारा आहे. टेक्सासचा काठ दक्षिणेकडे आहे आणि उन्हाळ्यात वाराही बहुतांशी दक्षिणेकडून वाहतो. संध्याकाळी आपल्या काठाजवळ सोडलेला जग पहाटे दुसऱ्या राज्यात सापडू शकतो, आणि जग, गळ व जगाला बांधायच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या यांविषयीचे दोन्ही राज्यांचे नियम सारखे नाहीत. दर वर्षी त्यांत फेरफारही होतात, म्हणून निघण्याआधी दोन्ही खात्यांच्या चालू वर्षाच्या पुस्तिका नजरेखालून घालाव्यात.

आपल्या मित्राची दहा माणसांची मोजदाद मात्र मला मान्य नाही. मर्यादा प्रत्यक्ष मासे धरणाऱ्या माणसाची असते. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, त्यामुळे बारा वर्षांची मुलगी स्वतः दोरी ओढत असेल, गळ सोडवत असेल, तर तिचा वाटा तिला जरूर मिळावा. पण पाळण्यातले बाळ आणि काठावर चहा करत बसलेल्या आजी यांच्या नावावर मासे धरता येत नाहीत. वीस जगांवरच्या चिठ्ठ्या एकट्या मित्राच्या नावाच्या असतील आणि बाकीचे रात्रभर तंबूत झोपले असतील, तर ते बावीस मासे दहा जणांनी धरले असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तसे असेल तर पंधरा ठेवून सात सोडून द्यायला हवे होते, आणि त्या दोन मोठ्यांपैकी निदान एक त्या सातांत असायला हवा होता.

यापुढची गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. टेक्सासमध्ये एका जगाला पाचपर्यंत गळ बांधता येतात आणि गोड्या पाण्यात एका माणसाला सगळी साधने मिळून शंभर गळ टाकता येतात. म्हणजे कायदा शंभर गळ टाकू देतो आणि घरी नेऊ देतो पंधरा मासे. काठीने गरवताना हा प्रश्न उद्भवत नाही, कारण पंधरावा मासा हाती आला की आपण काठी गुंडाळून ठेवतो. जगाला थांबायचे कसे ते कळत नाही. तो अंधारात, आपण झोपेत असताना, विसावा मासाही धरतो आणि तिसावाही. सकाळी जास्तीचे मासे सोडून दिले म्हणजे हिशेब मिटला असे आपण समजतो, पण रात्रभर गळाशी झुंजून थकलेला मासा सोडल्यावर जगेलच असे नाही. उन्हाळ्यात पाणी कोमट असते आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे अशा माशाची अवस्था आणखी बिकट होते. म्हणून किती जग सोडायचे हे घरी किती मासे शिजणार आहेत यावरून ठरवावे. मी स्वतः बारा जग सोडतो, प्रत्येकाला एकच गोल वळणाचा गळ लावतो आणि दर दोन तासांनी फेरी मारतो. गोल वळणाचा गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात उतरत नाही. त्यामुळे सोडलेला मासा धडपणे पोहत जातो. दहा मासे झाले की मी जग उचलायला सुरुवात करतो, कारण उचलता उचलता आणखी दोनतीन लागतातच.

मोठ्या ब्लूविषयी. कायद्याने एक ठेवता येतो हे खरे, तरी मी दोन्ही सोडून दिले असते. तीस इंचांपर्यंत पोहोचायला त्या माशाला बरीच वर्षे लागलेली असतात, आणि चवीच्या दृष्टीने त्याच्यात फारसे हाशील नसते : कडेला लालसर, तेलकट मांसाचा जाड पट्टा असतो, तो नीट कापून टाकला नाही तर सारे कालवण वासाने बिघडते. कोकम आणि तिरफळे घातलेल्या कालवणासाठी दोनतीन पौंडांचा मासाच उत्तम. याच टेक्सोमातून जानेवारी २००४ मध्ये १२१.५ पौंडांचा ब्लू काठावरून गळाने धरला गेला. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. धरणाऱ्याने त्याला जिवंत ठेवून अथेन्स येथील टेक्सास फ्रेशवॉटर फिशरीज सेंटरला दिला आणि तिथल्या काचेच्या टाकीत कितीतरी लोकांनी तो पाहिला. असे मासे या पाण्यात तयार होऊ शकतात, पण तीस इंचांना त्यांना वाट मोकळी मिळाली तरच.

ब्लू आणि चॅनेल यांतला फरक ओळखता येणेही गरजेचे आहे, कारण तीस इंचांची अट ब्लूलाच लागू आहे. रंगावर जाऊ नये, ठिपक्यांवरही फार विसंबू नये. दोघांचीही शेपटी दुभंगलेली असते. मासा आडवा धरून पोटाखालचा, शेपटीकडचा लांब पर पाहावा. ब्लूच्या त्या पराची कडा पट्टी लावून कापल्यासारखी सरळ असते आणि त्यात तीस किंवा अधिक काटे असतात. चॅनेलची कडा गोलाकार असते आणि काटे तिसाच्या आत असतात. फ्लॅटहेडचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, तो एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. पाहताना छातीच्या पराचे काटे सांभाळावेत. आपल्याकडच्या शिंगाळ्यासारखेच ते हाताला चांगलेच लागतात.

प्रश्न : डेनिसनजवळ नाव चालवत असताना आमच्या इंजिनाच्या पंख्यात कोणाच्या तरी जगाची दोरी गुंतली. दुसऱ्या टोकाला जिवंत मासा होता. जगावर नाव-पत्ता काहीच नव्हते. यजमानांनी दोरी कापली, मासा घरी आणला आणि जग फेकून दिला. मला ते बरे वाटले नाही. काय करायला हवे होते?

उत्तर : आपल्याला बरे वाटले नाही ते योग्यच होते. पण पहिली चूक जग सोडणाऱ्याची आहे, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. टेक्सासमध्ये प्रत्येक जगाला, तरंगणाऱ्या भागापासून सहा इंचांच्या आत, चिठ्ठी बांधणे बंधनकारक आहे. तिच्यावर मालकाचे नाव-पत्ता किंवा त्याचा परवान्यावरचा ग्राहक क्रमांक आणि जग सोडल्याची तारीख लिहावी लागते. हौशी माणसाच्या जगाचा रंग नारिंगी असून चालत नाही, कारण तो रंग व्यावसायिक मच्छीमारांसाठी राखलेला आहे. चिठ्ठी पाण्याने पुसट होते, म्हणून ती पुसली न जाणाऱ्या शाईने लिहावी आणि दर वेळी तारीख नवी घालावी.

दोरी गुंतली की आधी इंजिन पूर्ण बंद करावे, मग दोरी कापून पंखा मोकळा करावा. दुसऱ्याच्या जगावरचा मासा आपला होत नाही, चिठ्ठी असो वा नसो. दोरी कापावी लागली असेल तर जिवंत माशाच्या तोंडातून गळ काढून त्याला पाण्यात सोडावे. चिठ्ठी असेल तर मालकाला कळवावे. नसेल तर तो जग आणि कापलेली दोरी किनाऱ्यावर आणून गेम वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या रक्षकाला, जागा व वेळ सांगावी. पाण्यात परत फेकलेली दोरी उद्या दुसऱ्या नावेत किंवा बगळ्याच्या पायात अडकते. आपण होऊन दुसऱ्याचे जग उचलून मासे काढणारे लोकही या तलावावर आहेत. तसे कोणी दिसले तर भांडायला जाऊ नये, नावेचा क्रमांक टिपून घ्यावा आणि ऑपरेशन गेम थीफ या तक्रार व्यवस्थेला फोन करावा.

जग सोडणाऱ्यांनी काय पाळावे तेही या निमित्ताने लिहितो. नावा उतरवायच्या उताराजवळ, मरीनाच्या (नावा बांधून ठेवायच्या धक्क्याच्या) वाटेवर आणि खाडीसारख्या आत गेलेल्या पाण्याच्या तोंडावर जग आडवे टाकू नयेत. काठाला समांतर, एका ओळीत टाकावेत, म्हणजे येणाऱ्याला ओळ दिसते आणि टाळता येते. टेक्सोमातील स्ट्रायपर बास जातीचे मासे पाण्यावर उसळू लागले की त्यांच्या मागे नावांची झुंबड उडते. अशा वेळी जग उचलून घेणे हाच शहाणपणा. सुटीच्या दिवशी मोकळ्या पाण्यात स्कीवरची मुले फिरत असतात, तेव्हा दिवसा जग नकोतच. रात्रीसाठी प्रत्येक जगावर चमकणारी पट्टी चिकटवावी आणि आकडे घालावेत : एक ते बारा. बारा सोडले तर बारा उचलल्याशिवाय घरी जायचे नाही.

हा आकड्यांचा आग्रह मी धरतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी रात्री अचानक वादळ आले आणि माझे बारांपैकी अकराच जग सापडले. अंधार होता, लाटा होत्या, बाराव्याचा नाद सोडून मी घरी आलो. चौथ्या दिवशी, वाऱ्याच्या दिशेने काठ धुंडाळताना, तो विलोच्या झाडाच्या मुळांत अडकलेला दिसला. दोरी मुळांना चार वेढे घालून ताणली गेली होती आणि टोकाला एक चॅनेल मरून पडला होता. डोळे दुधाळ झाले होते, ओढून ओढून जबड्याचा कोपरा फाटत गालापर्यंत आला होता आणि एक मिशी तुटून गेली होती. जगावर माझ्याच अक्षरातले माझे नाव स्वच्छ वाचता येत होते. तेव्हापासून वाऱ्याचा अंदाज जोरदार असेल तर मी जग नावेतच ठेवतो आणि काठीने गरवतो.

प्रश्न : आम्ही ओक्लाहोमातील नॉर्मनहून येतो. पकडलेले मासे नावेतच साफ करून बर्फात ठेवले तर चालतील का? आणि टेक्सोमावर वापरलेले जग पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तलावावर नेले तर काही अडचण आहे का?

उत्तर : टेक्सासच्या पाण्यात असाल तर नावेत साफ करू नका. मर्यादा लागू असलेल्या माशाचे डोके आणि शेपूट, तो अखेरच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत, जागेवर असावे लागते, कारण त्यांशिवाय लांबीही मोजता येत नाही आणि जातही ओळखता येत नाही. अखंड मासा भरपूर बर्फात ठेवावा आणि घरी पोहोचल्यावर पक्कडीने कातडे सोलावे. याला खवले नसतात, त्यामुळे विळीने घासण्यात अर्थ नाही.

जग नेण्याबाबत अडचण आहे, आणि ती झीब्रा मसल या चिमुकल्या शिंपल्याची आहे. टेक्सासमध्ये ते प्रथम आढळले ते २००९ मध्ये, याच टेक्सोमात. त्यांची पिले डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या दोरीत, नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात, आमिषाच्या बादलीत ती सहज प्रवास करतात. तलाव सोडण्यापूर्वी नाव आणि बादल्या पूर्ण रिकाम्या करणे टेक्सासमध्ये कायद्याने सक्तीचे आहे. टेक्सोमाचे पाणी असलेल्या बादलीतले जिवंत आमिष दुसरीकडे नेऊ नये. जगांच्या दोऱ्या उलगडून, पिशवीत न कोंबता, आठवडाभर कडक उन्हात वाळवाव्यात. फोमची नळी प्लॅस्टिकच्या पाइपावर चढवून केलेले जग असतील तर पाइपाची टोके उघडून आतले पाणीही काढून टाकावे. बाहेरून जग कोरडा खडखडीत दिसतो, पण हलवून पाहिले की आत पाणी वाजते.