वाचकांचे प्रश्न: कण लांब लांब असले तरी जोडलेले कसे?

प्रश्न: सर, मुलगी बारावी सायन्सला आहे, तिने एन्टँगलमेंट म्हणजे काय विचारलं. मी म्हटलं, चपलांचा जोड घे, एकेक चप्पल वेगळ्या खोक्यात, एक खोकं इथे सांगलीत आणि दुसरं साताऱ्याला पाठवलं. इथलं उघडलं, डावी निघाली, की साताऱ्यात उजवी हे लगेच कळलं. तिला काही पटेना. म्हणते एवढं साधं असतं तर आइनस्टाइनने वाद कशाला घातला असता? मग डोळ्यासमोर आणायचं तरी काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: मुलगी बरोबर जागी अडलीय, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. चप्पल डावी की उजवी हे खोकं बंद करतानाच ठरलेलं असतं, फक्त आपल्याला माहीत नसतं. कणांचंही असंच काहीतरी असणार, क्वांटम थिअरीच (अणू आणि त्याहून बारीक कणांचे नियम सांगणारी थिअरी) अपुरी आहे, असं आइनस्टाइन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३५ साली मांडलं होतं. पुढे १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी दाखवलं की हे प्रयोगाने तपासता येतं, आणि खरी गंमत तिथे आहे.

त्यांच्या युक्तीचं सोपं रूप सांगतो, कागद-पेन घेऊन बसा. एन्टँगल झालेल्या, म्हणजे एकमेकांशी जोडल्या गेलेल्या फोटॉनची (प्रकाशकणांची) जोडी, एक सांगलीला एक साताऱ्याला, दोन्हीकडे पोलरायझर (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणारी चाळणी), आणि तो ०, ६० किंवा १२० अंशांवर लावायचा, कुठला ते फोटॉन निघाल्यावर ठरवायचं. दोन्हीकडे कोन सारखा असेल तर उत्तर कायम सारखंच येतं, दोन्ही पास नाहीतर दोन्ही अडले. आता समजा उत्तरं आधीच ठरलेली आहेत, म्हणजे दोन्ही फोटॉन तीन कोनांची तीच तीन उत्तरं घेऊन निघालेत. पण उत्तरं दोनच प्रकारची, त्यामुळे तिनातली किमान दोन सारखी येणारच, कशीही भरून बघा. तीन कोनांतून दोन वेगळे निवडायच्या जोड्या तीनच, त्यातली निदान एक जुळणारी. म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळे कोन लावले तरी निदान ३३ टक्के वेळा उत्तरं जुळायलाच हवीत.

क्वांटम थिअरी म्हणते २५ टक्केच जुळतील! (मुलीला मालसचा नियम आठवायला सांगा, दोन दिशांमधल्या कोनाच्या कॉसचा वर्ग; इथे कॉस ६० चा वर्ग, म्हणजे पाव.) आणि अशा प्रयोगांमध्ये निसर्गाने जवळजवळ दरवेळी क्वांटम थिअरीच्याच बाजूने कौल दिलाय. हे करून दाखवणाऱ्या क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा चपला सोडा. दोन फोटॉन म्हणजे दोन वस्तू असं न धरता दोघांची मिळून एकच अवस्था आहे असं धरा, एकट्या फोटॉनला स्वतःचं असं ठरलेलं पोलरायझेशन (कंपनाची दिशा) नसतंच. डोळ्यासमोर आणायचंच तर दोन याद्या आणा, एक सांगलीची, एक साताऱ्याची. नुसती एक यादी बघितली तर पास आणि अडला निम्मे-निम्मे, काही अर्थ लागत नाही, आणि म्हणूनच याने निरोप पाठवता येत नाही, कुणी कितीही सांगो. दोन्ही याद्या फोनवर एकमेकांना वाचून दाखवल्या तरच ते नातं दिसतं.