क्रायस्लर ३०० या अमेरिकी गाडीच्या नावातले ३०० कशाचे? गाडीचा इतिहास काय?

३०० म्हणजे ३०० अश्वशक्ती. १९५५ साली आलेल्या सी-३०० च्या ५.४ लिटर हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षांच्या) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाची ताकद तेवढी होती. डिझाइन व्हर्जिल एक्सनर यांचं. गाडी आलिशान आणि अवजड, तरी त्याच वर्षी टिम फ्लॉकने तिच्यावर नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतींच्या मालिकेचं विजेतेपद मिळवलं! पुढे दरवर्षी अक्षर बदलत गेलं, ३००बी, ३००सी असं (‘आय’ तेवढं गाळलं), ते १९६५ च्या ३००एलपर्यंत. माझ्या मते सर्वांत देखणी १९५७ ची ३००सी: ३७५ अश्वशक्ती, मागे उंच पंख. १९९९ च्या ३००एममध्ये इंजिन पुढची चाकं फिरवायचं. ती मला या घराण्यातली वाटतच नाही. २००५ च्या ३००सीत हेमी परतलं, ताकदही पुन्हा मागच्या चाकांना मिळाली. उत्पादन २०२३ अखेर थांबलं.