‘पर क्लिक’ म्हणजे नेमकं किती? डिजिटल प्रिंटर घेणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतात, पण गोंधळ एकच असतो: चार कोटेशन हातात आहेत, स्वस्त कोणतं? मशीनखाली पाठ टेकून माझी वीस वर्षं गेली, बरीचशी नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये. मशीनच्या किमतीमुळे बुडालेला प्रेसवाला मला क्वचित भेटला. बुडाले ते पुढच्या पाच वर्षांच्या बिलांनी. ही बिलं क्लिकवर येतात: छापलेली एक बाजू म्हणजे एक क्लिक, निदान वरवर तरी.

कोनिका मिनोल्टा, कॅनन, रिको, झेरॉक्स: भारी कोणतं? (रविवार कारंजा)

ज्याचा इंजिनिअर नाशकात राहतो ते. ‘पार्ट मुंबईहून निघालाय’ हे ऐन लग्नसराईत ऐकायचं नसेल, तर तेच मॉडेल वापरणारे दोन-तीन प्रेसवाले गाठा. त्यातला एक तरी विक्रेत्याने दिलेल्या यादीबाहेरचा हवा.

९० पीपीएम (मिनिटाला ९० पानं) म्हणजे तासाला ५४०० पत्रिका निघतील ना? (सिन्नर)

नाही. तो वेग ए४ च्या एका बाजूचा. १२×१८ इंची शीटवर साधारण निम्मा धरा आणि दोन्ही बाजू छापायच्या तर त्याच्याही निम्मा, म्हणजे मिनिटाला २२ शीट. जाड कागदावर बरीच मशीनं आणखी हळू चालतात. तुमचा ३०० जीएसएमचा जाड कागद घेऊन जा आणि समोर उभं राहून घड्याळ लावा.

विक्रेता दीड रुपया क्लिकने करार देतोय, टोनर (शाईची पूड) आणि ड्रम त्यातच. मित्र म्हणतो, करार नको, टोनर बाजारातून घे. कुणाचं ऐकू? (अंबड)

दोघांचंही नको. आधी विचारा, क्लिक म्हणजे काय. हा प्रश्न कुणी विचारतच नाही, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

समजा, महिन्याला १२×१८ च्या २०,००० बाजू छापता. एकाचा दर दीड रुपया, पण मोठी शीट तो दोन क्लिक मोजतो: ६०,००० रुपये. दुसऱ्याचा सव्वादोन, पण शीट कितीही मोठी असो, क्लिक एकच: ४५,०००. आकडे समजण्यापुरते आहेत, पण ‘स्वस्त’ वाटलेला दर महिन्याकाठी १५,००० रुपयांनी महाग पडला. लांब बॅनर शीटचे आणखी किती मोजणार, तेही विचारा.

मग रंग. एका प्रेसने १९२ पानांचं पुस्तक छापलं, आत सगळा काळा मजकूर. बिल आलं ते सगळंच्या सगळं रंगीत क्लिकचं. मालक माझ्याकडे मशीनची तक्रार घेऊन आला. फाईल उघडली तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर केसाएवढी निळी रेघ. मशीनला रेघ लहान की मोठी हे कळत नाही. रंग आला की पान रंगीत. आरजीबीमधला (स्क्रीनच्या रंगांतला) काळाही असाच चार रंगांत फुटून बिल वाढवतो.

इंडिगोची (एचपीची द्रव शाईवर चालणारी मशीनं) तर गोष्टच वेगळी, तिथे प्रत्येक रंगाचं इम्प्रेशन स्वतंत्र मोजतात. त्या दराची टोनर मशीनच्या दराशी तुलना करून ‘किती स्वस्त!’ म्हणणारे मला दर वर्षी भेटतात.

शिवाय किमान क्लिकची अट. वैशाखात ती सहज पुरी होते. चातुर्मासात पत्रिका बंद, तरी किमान बिल येणारच. अट महिन्याची न ठेवता वर्षाची करून मागा. जॅम झालेल्या आणि कॅलिब्रेशनच्या (रंग जुळवायला काढलेल्या) शीट कुणाच्या खात्यावर, हे लेखी घ्या. तोंडी ‘साहेब, ते बघून घेऊ’ याला दमडीची किंमत नाही.

आता मित्राचा सल्ला. टोनरच्या डब्यावरचा पानांचा आकडा बहुधा ५ टक्के कव्हरेजवर (पानाचा तेवढाच भाग शाईने भरलेला धरून) काढलेला असतो, म्हणजे साध्या पत्राएवढ्या मजकुरावर. तुम्ही छापता फोटोंचे अल्बम. तिथे तो आकडा विसरा. उलट, करारातही कव्हरेजची मर्यादा लपलेली असू शकते. मागच्या तीन महिन्यांच्या फाईल घेऊन दोन्ही हिशेब मांडा आणि करार सही करण्याआधी सीए आणि वकिलाला दाखवा.

पावसाळा आला की पुढची-मागची बाजू जुळत नाही. विक्रेता म्हणतो, मशीन जुनं झालं, नवीन घ्या. (पंचवटी)

जुलैतच जुनं होतं का? फ्यूजरची (टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाची) उष्णता कागदातला ओलावा पळवते, पहिल्या बाजूला कागद आकसतो, मग आकसलेल्या कागदावर दुसरी बाजू छापली जाते. कागद जितका ओला, तितका फरक. ओल्या कागदावर टोनरही नीट बसत नाही, गडद रंगात चट्टे येतात. शंभर रुपयांत आर्द्रतामापक मिळतो का बघा, थोडे जास्त गेले तरी घ्या. खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी. रीम आदल्या दिवशीच एसीत आणून ठेवा, पण पाकीट छापायच्या वेळीच फोडा. एवढं करून फरक राहिलाच, तर इंजिनिअरला बोलवा, सेल्समनला नको.

परदेशातून आलेलं जुनं मशीन तिसऱ्या हिश्शात मिळतंय. (मालेगाव)

काउंटर फिरवता येतो, एवढं लक्षात ठेवून बघायला जा. फ्यूजर, ड्रम, बेल्टची स्वतंत्र नोंद मागा. फायरीचं (फाईल मशीनला समजावणाऱ्या कंट्रोलरचं) लायसन्स मशीनबरोबर मिळतंय का, हेही विचारा. जुन्या मशीनच्या आयातीवर निर्बंध आहेत. आयातीचे कागद पाहिल्याशिवाय टोकनही देऊ नका.

वाइनच्या बाटल्यांची लेबलं याच मशीनवर निघतील? (दिंडोरी)

थोड्या नगांची निघतील. लेसरसाठीचाच स्टिकर कागद वापरा. साध्याचा गोंद उष्णतेने कडेतून बाहेर येतो आणि फ्यूजरला चिकटतो. अर्धी लेबलं काढलेली शीट तर पुन्हा घालूच नका. बाटली बर्फात बुडणार असेल तर कागदही तसा लागतो: लेबल तासभर बादलीत ठेवून बघा, मग ऑर्डर घ्या.

श्रीलिपी फाँटमधली फाईल मशीनवर फुटते, अक्षरं बदलतात. (देवळाली)

कोरलमध्ये कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज करून (म्हणजे अक्षरांचे आकार करून) पीडीएफ पाठवा. मशीनचा दोष नाही.

सिंहस्थाच्या कामांसाठी मशीन घ्यायचंय. थोडं थांबू का, भाव उतरतील? (त्र्यंबकेश्वर)

भाव उतरायची वाट पाहणारे ऐन हंगामात मशीन शिकत बसतात. २०२७ ची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, म्हणजे भर पावसात, आणि त्र्यंबकचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. वर पंचवटीकरांना दिलेलं उत्तर आधी वाचा. किमान एक पावसाळा मशीन अंगवळणी पडलेलं हवं. त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासा आणि मशीन किती लोड घेतं ते विचारून महावितरणकडे अर्ज टाका. मशीन दारात आणि थ्री फेज नाही, असा ट्रक मी उभा पाहिलाय.