ताकदीची गोळी मागण्याआधी

(पुरुषांच्या लैंगिक आरोग्याविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. नावं छापत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहा.)

प्रश्न : वय ४६, कोथरूड. सात-आठ महिन्यांपासून ताठरता येते, पण टिकत नाही. घरात कटकट नाही, टेन्शनही विशेष नाही. दिवसाला चार-पाच चहा आणि तंबाखूचे दोन-तीन बार, एवढंच व्यसन. मित्र शिलाजित घे म्हणतो. खाण्यात काय वाढवू?

तंबाखूला तुम्ही चहाच्या पंगतीत बसवलंत, तिथूनच सुरुवात करू. ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचा खेळ. रक्तवाहिनी सैल पडली, रक्त भरलं आणि आत टिकलं, तरच काम होतं. तंबाखूने तीच वाहिनी आवळते आणि वर्षानुवर्षं आतून खराब होत जाते. शिश्नाच्या रोहिण्या जेमतेम १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. बारीक पाइप आधी तुंबतो. म्हणून ही तक्रार पुष्कळदा छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. तुमच्या वयात ती सुरू झाली, तर मी आधी बीपी मोजतो, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल बघतो. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासायचं तर सकाळी. संध्याकाळी ते कमीच भरतं.

टेप घेऊन बेंबीशी पोट मोजा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल, तर उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. इटलीत ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ लठ्ठ पुरुषांना दोन वर्षं आहार-व्यायामाला लावलं. त्यातल्या १७ जणांची तक्रार गेली. ज्यांना नुसतीच माहिती दिली, अशा ५५ जणांत फक्त तिघांची. हा अभ्यास २००४ सालचा.

शेवगा, खजूर, डिंकाचे लाडू खा की, पण चवीसाठी. उपाय म्हणून रात्रीच्या ताटात एक भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वाटीभर पालेभाजी घ्या. फरसाण, खारी आणि आग्रहाचा भात आवरा. पहाटे तळजाईच्या टेकडीवर जाता का? टेकडीवरून उतरून थेट वडापावच्या गाडीवर जाणारे मी बरेच पाहिलेत. त्यांचं पोट टेकडीला दाद देत नाही. शिलाजितमध्ये शिसं-पारा सापडल्याची उदाहरणं आहेत, ते राहू द्या. तंबाखू मात्र आजच सोडा.

प्रश्न : वय ३१, हिंजवडीत आयटीत. दीड वर्ष जिममध्ये ट्रेनरच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली. आता मूल हवंय आणि वीर्याच्या रिपोर्टवर शुक्राणू शून्य!

बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना काम करा म्हणून सांगणंच बंद करते. दंड फुगतात, शुक्राणू बनायचे थांबतात. जिममध्ये हे कुणी सांगत नाही, कारण ट्रेनरला तुमच्या बारशाला यायचं नसतं.

इंजेक्शन बंद करायचं, पण युरॉलॉजिस्ट (मूत्रमार्गाचे डॉक्टर) किंवा अँड्रॉलॉजिस्टला (पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर) दाखवून. काही जणांना वृषणांना पुन्हा कामाला लावणारी एचसीजीसारखी औषधं लागतात. एकाच रिपोर्टवर जाऊ नका. शून्याचं कारण मार्गातला अडथळाही असू शकतं, म्हणून तपासणी पुन्हा होते. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आज केलेल्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांआधी दिसत नाही. पूर्ण सावरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त; क्वचित पूर्ण सावरतही नाही. लॅपटॉप मांडीवरून टेबलावर आणा. वृषणं अंगापेक्षा दोन-चार अंश थंडच लागतात. रात्रपाळी असेल तर सात तास झोपेची व्यवस्था करा; जेमतेम पाच तास झोपलात तर आठवड्याभरातच टेस्टोस्टेरॉन घसरतं.

प्रश्न : मी २१ वर्षांचा, हॉस्टेलला राहतो. हस्तमैथुनाने धातू जाऊन अशक्तपणा येतो का? दूध-तूप किती घेऊ?

नाही येत. तुझा अशक्तपणा मेसचा नाश्ता बुडवून रात्री दोनपर्यंत मोबाइल बघण्याचा असेल. थकवा खराच असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२ तपास. असल्याच प्रश्नांना आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात सरळ उत्तरं दिली म्हणून संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वेंवर खटला झाला होता. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी दंड झालाच. इतकी वर्षं झाली, पत्र तेच येतंय.

प्रश्न : माझे मिस्टर ५४ वर्षांचे, डायबेटिस आहे. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. अलीकडे मेडिकलमधून परस्पर 'ती' गोळी आणतात. मी काय करू?

ताई, 'ती' गोळी आजच थांबवा. तिच्यात बहुधा सिल्डेनाफिल असतं. सिल्डेनाफिलवर सॉर्बिट्रेट पडलं की बीपी धाडकन खाली येतं, माणूस दगावूही शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची रिकामी पाकिटं नेऊन दाखवा. मिस्टर लाजतील, तर पाकिटं तुम्ही टेबलावर ठेवा. डायबेटिसमध्ये ताठरतेसाठी दुसरे उपायही आहेत, ते डॉक्टर सांगतील. दरम्यान गोळी घेतलेल्या रात्री छातीत दुखलंच, तर सॉर्बिट्रेट देऊ नका. १०८ ला फोन लावा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, ते आधी सांगा.