मित्र बायबलमधल्या विसंगती काढतात, त्यांना काय उत्तर देऊ?

मित्रांची तोंडं बंद होतील अशी उत्तरं एका जागी कुठे मिळतील, असं विचारलंय तुम्ही. ढिगानं मिळतात. मी तर त्यांची वहीच केली होती. तिचं काय झालं ते ऐका.

आमच्या भावोजींनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, यहूदा इस्कर्योत मेला कसा?" यहूदा म्हणजे पैसे घेऊन येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, 27 व्या अध्यायात, तो गळफास घेतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पालथा पडतो, पोट फुटून आतडी बाहेर येतात. वहीत उत्तर तयार होतं: आधी फास, मग दोर तुटला, मग पडला. मी एका दमात म्हणून दाखवलं. भावोजी म्हणाले, "बरं. पण दोर तुटल्याचं लिहिलंय कोणी?"

दोघांनीही नाही. मग मी आवाज चढवला, फांदी मोडली असेल म्हणालो, मूळ ग्रीक मजकुरातल्या शब्दांवर घसरलो. (ग्रीक मला मुळाक्षरांपुरतंच येतं.) ताई उठून आत निघून गेली.

त्या रात्री दोन्ही उतारे शेजारी ठेवले आणि त्याहून अवघड गोष्ट दिसली. मत्तयात यहूदा येशूला पकडून देण्याबद्दल मिळालेली चांदीची 30 नाणी मंदिरात फेकतो आणि कुंभाराचं शेत मुख्य याजक विकत घेतात. कृत्यांत शेत तो स्वतःच घेतो. 'रक्ताचं शेत' हे नाव दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ते रक्ताच्या पैशामुळे पडलं, दुसरीकडे यहूदाच्या मरणामुळे. भावोजींच्या नजरेतून हे सुटलं होतं. मी मूग गिळून बसलो, तो आजतागायत.

माझं आताचं मत सांगतो. एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं असतं तर एवढा फरक उरला नसता. आठवणी दोन वाटांनी आल्या, तरी शेताचं नाव दोघांना ठाऊक आहे. तपशील जुळत नाहीत हे कबूल करूनही एवढं म्हणता येतं. आमच्या बायबल वर्गाच्या शिक्षकांना हे पटायचं नाही. 'माहीत नाही' म्हणणारा विश्वासात कच्चा, असं ते म्हणत. साफ चूक! पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 3:15 ते फळ्यावर लिहीत, उत्तर द्यायला सदैव तयार असा म्हणून. त्याच वचनात पुढे सौम्यतेनं द्या असंही आहे, ते कधी फळ्यावर आलं नाही. अथेन्समध्ये पौल या प्रेषितानं तिथल्याच कवींची वचनं देऊन भाषण केलं, तरी काहींनी टर उडवली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, विश्वास ठेवला तो थोड्यांनीच. मग माझी वही काय दिवे लावणार होती?

अर्थात प्रत्येक विसंगती अशी नसते. मार्काच्या पुस्तकात येशूच्या कबरेकडे तिघी बाया जातात, योहानाच्या 20 व्या अध्यायात एकटी मग्दालीया मरीया. पण तीच मरीया पुढच्याच वचनात 'आम्हाला ठाऊक नाही' म्हणते. 'मला' नाही, 'आम्हाला'. असं मजकुरातच काही सापडलं तर खुशाल दाखवा. आणि मित्र नुसती फिरकी घेत असतील तर यातलं काहीच करू नका, विषय बदला.

भावोजी अजून भेटले की विचारतात, "दोर किती जाड होता रे?" या खेपेला शेताचं मीच काढणार आहे.