ड्रॉवर अडकतोय? आत्ता रंधा नको

प्रश्न : काका, आमच्या चिपळूणच्या घरी सासऱ्यांचं जुनं सागवानी टेबल आहे, त्याला तीन ड्रॉवर. उन्हाळ्यात लोण्यासारखे सरकतात, पण पाऊस लागला की मधला असा काही बसतो की यंदा ओढताना मूठच हातात आली. मी खोबरेल सोडून बघितलं, दोन दिवस बरं चाललं आणि मग पहिल्यापेक्षा घट्ट. सुतार म्हणतो वरून रंधा मारून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. मारू देऊ का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, नका मारू देऊ, निदान आत्ता तरी नाहीच. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, पण लांबीत नाही फुगत, रुंदीत फुगतं, म्हणजे ड्रॉवरच्या बाजूच्या ज्या उभ्या फळ्या असतात त्या उंचीला वाढतात आणि वरखाली घासायला लागतात. आज भर पावसात तुम्ही तो वाढलेला भाग तासून टाकलात तर मार्च-एप्रिलमध्ये लाकूड परत आकसेल आणि तोच ड्रॉवर खडखड करत डुलायला लागेल, आणि गेलेलं लाकूड काही परत येत नाही. सासऱ्यांच्या हातचं टेबल आहे, जपून घ्या.

आधी तो बाहेर काढा. मूठ नाहीये म्हणून पुढून पटाशी वगैरे घालून उचकटू नका, पुढची फळी चिरते. वरचा ड्रॉवर निघत असेल तर काढा आणि त्या जागेतून हात घालून मधला ढकला, नाहीतर टेबलाची मागची फळी उघडून मागून हाताने दोन्ही कडांना आलटून पालटून ढकला. निघाला की पुसून घरातच पंख्याखाली चार-पाच दिवस उभा ठेवा, उन्हात मात्र ठेवू नका, एका बाजूने पटकन वाळला की फळी वाकते.

मग घासतंय कुठे ते शोधा. बाजूच्या फळ्यांच्या वरच्या-खालच्या कडांना शाळेचा खडू फासा, ड्रॉवर आत-बाहेर करा, जिथला खडू पुसला गेला तीच जागा. तेवढ्याच जागेवर बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून हलक्या हाताने फिरवा, आणि सगळी धूळ झटकून साधी पांढरी मेणबत्ती दाबून घासा. ड्रॉवरच्या खालच्या कडांना घासा आणि तो ज्या पट्ट्यांवर चालतो त्यांनाही. तेल कधीच नाही, ते लाकडात मुरतं, वर धूळ धरतं आणि चिकट लगदा होतो, तुमचं तेच झालंय. साबणही लोक लावतात, पण तो ओल ओढतो, कोकणात तर मेणच बरं.

एक गोष्ट नक्की बघा, त्या खालच्या पट्ट्या. जुन्या टेबलांत बाहेरून साग आणि आत पट्ट्या भलत्याच लाकडाच्या असं पुष्कळदा असतं, वर्षानुवर्षं घासून त्यांना खाच पडते, ड्रॉवर पुढे झुकतो आणि आपण म्हणतो फुगला. तसं असेल तर पट्टी काढून उलटी बसवा नाहीतर नवी घाला, ह्यासाठी सुताराला जरूर बोलवा. टेबल भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, ओली भिंत पाठीला लागली की काहीच उपयोग नाही. आणि रंध्याचं फेब्रुवारीत बघू, तेव्हाही घासत असेल तरच मारा, आणि त्याच वेळी ड्रॉवरला आतून पॉलिशचा एक हात द्या. आतली बाजू बहुतेक कोरीच सोडलेली असते, ओल तिथूनच शिरते.

प्रश्न : किचनमधला चॅनलवाला ड्रॉवर अर्ध्यात अडकतो, तिरका होतो. चॅनल बदलावं लागेल का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : बहुतेक नाही. ड्रॉवर पूर्ण ओढा, दोन्ही बाजूंच्या चॅनलवर, म्हणजे तो ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांवर, काळी प्लास्टिकची पट्टी दिसेल, एक वर आणि एक खाली अशी एकाच वेळी दाबली की ड्रॉवर सुटतो. आत पीठ, केस, चिकटा साचलेला असतो, जुन्या टूथब्रशने काढा, कोरडं पुसा, थोडंसं ग्रीस द्या. परत घालताना चॅनलमधली बॉलची, म्हणजे बारीक गोळ्यांची, जाळी पुढे ओढून घ्या आणि दोन्ही बाजू सरळ सरकवा, तिरकं दामटलंत तर बॉल बाहेर पडतात आणि मग जोडीच बदलावी लागते. सरकताना तिरका जात असेल तर स्क्रू बघा, एकतरी ढिला असणार. भोक मोठं झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावून दोन-तीन काडेपेटीच्या काड्या, गुल तोडून, ठोकून बसवा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी तोच स्क्रू हाताने पिळा, ड्रिलने नको, भोक परत मोकळं होतं.